जाड चष्मेवाल्यांचा ओसीटी रिपोर्ट लाल आला म्हणून

संपादक साहेब, नमस्कार,

काचबिंदूवर तुमच्याकडे छापून येतं ते चांगलंच आहे, पण त्यात मायनस ६ च्या वर नंबर असलेल्यांचं कोणी लिहीतच नाही. माझ्या बहिणीचा नंबर मायनस ११, ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा अन् नसेचा स्कॅन) केला तर रिपोर्टवर लालच लाल, म्हणजे नसेचा थर नॉर्मलपेक्षा पातळ, घरात सगळे रडून राहिले. नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं की एवढ्या नंबरचा डोळा मागे लांब वाढलेला असतो, पडदा ताणला जातो, नस निघते ती चकती तिरपी होते अन् मशीन ज्या नॉर्मल डोळ्यांशी तुलना करते त्यात असे डोळे सहसा घेतलेलेच नसतात, म्हणून काचबिंदू नसला तरी लाल दिसू शकतं.

पण उलटंही होतं बरं का, आणि तेच जास्त वाईट! "नंबरमुळे असेल" म्हणून खरा काचबिंदू सुटून जातो. या लोकांना धोका मुळात जास्त, डोळ्याचं प्रेशर नॉर्मल असलं तरी नस खराब होऊ शकते, अन् गेलेली नजर परत येत नाही. लेसरने चष्मा काढलेल्यांचं तर प्रेशर मशीनवर कमीच दिसतं, बुबुळ पातळ झालेलं असतं ना.

म्हणून एका रिपोर्टवर भरवसा नको, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) करा, मॅक्युलाचा म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा स्कॅन पण विचारा आणि दरवेळी शक्यतो त्याच मशीनवर करून जुन्याशी ताडून बघा, जुने कागद फेकू नका. नागपूरच्या मेडिकल अन् मेयो या सरकारी दवाखान्यांच्या डोळ्यांच्या ओपीडीत हे मराठीत भिंतीवर लावावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, नागपूर