अंबडला रुजू होण्याआधी

पवन नगर, सिडको, नाशिक
१८ जानेवारी २०२६

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर विचारलंस, "आई, नऊ वर्षांचं पुणं सोडून अंबडच्या कारखान्यात येतेय, चुकत तर नाही ना मी?" तेव्हा गॅसवर दूध होतं, बाबा शेजारीच बसले होते, म्हणून "ये गं तू" एवढंच म्हणाले. तुझ्या प्रश्नाला ते उत्तर पुरेसं नव्हतं. आज रविवार आहे, बाबा सोमेश्वरला फिरायला गेलेत, म्हणून निवांत लिहायला बसलेय.

आधी एक सांगून टाकते. बाबांच्या गुडघ्यासाठी किंवा माझ्यासाठी येणार असशील, तर येऊ नकोस. आमचं चाललंय. हे काम तुला करायचं असेल तरच ये.

तुझ्या आत्ताच्या कंपनीत एचआरचीच साठ माणसं. भरती वेगळी, पगार वेगळा, ट्रेनिंग वेगळं, कायद्याचं बघायला वेगळी टीम. तू नऊ वर्षं भरती केलीस. माणूस जॉइन झाला की तुझं काम संपायचं, पुढे त्याचं काय झालं ते कळतही नाही, असं तूच मागच्या दिवाळीत म्हणाली होतीस. त्या वेळी तुझा आवाज कसा झाला होता ते मला आठवतंय. इथे १४० माणसं आहेत, त्यातली चाळीसेक ठेकेदाराची, आणि एचआर म्हणजे तू एकटी. आजवर हे सगळं अकाउंट्सचे साहेब जीएसटीच्या धबडग्यातून वेळ काढून बघत होते.

मी अंबडमध्येच सत्तावीस वर्षं टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या खात्यात, एकटी बसले. तुझ्यासारखी पदवी माझ्याकडे नव्हती, पण एकटीने बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. १९९८ सालची. प्रेस शॉपला पेठ तालुक्यातला एक मुलगा हेल्पर म्हणून लागला. नुकतंच लग्न झालेलं. त्या वेळी ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, फॉर्म हाताने भरायचा आणि सोबत कुटुंबाचा एकत्र फोटो लागायचा. तो म्हणाला, बायको गावी आहे, सुट्टीत जाईन तेव्हा फोटो काढून आणतो. मी फॉर्म भरला, त्याची सही घेतली आणि फोटो येईपर्यंत म्हणून उजव्या हाताच्या खणात ठेवला. सतराव्या दिवशी, दुसऱ्या पाळीत, प्रेसखाली त्याची दोन बोटं गेली.

सकाळी जाऊन खण उघडला. फॉर्म तसाच होता. फोटोसाठी आधीच लावून ठेवलेली टाचणीसुद्धा तशीच. कायद्याने कामावरच्या अपघातासाठी तो पहिल्या दिवसापासून विमेदार धरला जातो, त्यामुळे त्याचा हक्क बुडाला नाही. पण अपघातानंतर दाखल झालेल्या फॉर्मवर संशय येणारच. हजेरीपुस्तक घेऊन माझ्या फेऱ्या, पट्टी बांधलेला हात घेऊन त्याच्या सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला फेऱ्या. पेन्शन लागायला दीड वर्ष गेलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही, कारण तो फॉर्म खणात पडून होता हे माझ्याखेरीज कुणाला माहीतच नव्हतं. तेच मला अजून बोचतं.

तुझ्या पुण्याच्या ऑफिसात अशी चूक कुठे ना कुठे पकडली गेली असती. कुणाचा तरी मेल आला असता, ऑडिटमध्ये निघाली असती. अंबडला तुझ्या मागून तपासणारं कुणी नसेल. आता नाव ऑनलाइन चढतं, त्याच दिवशी चढतं, त्यामुळे सबब उरलेली नाही. पहिल्या आठवड्यातच ठरवून टाक की नाव चढल्याशिवाय माणूस मशीनला हात लावणार नाही. प्रॉडक्शनवाले चिडतील, माल अडला म्हणतील. चिडू देत. ठेकेदाराच्या माणसांनाही हाच नियम लाव. तिथेच सगळ्यात जास्त ढिलाई असते.

आता मालकांबद्दल. इंटरव्ह्यूला ते तुझ्याशी फार चांगलं बोलले, हे ऐकून बरं वाटलं. पण मोठ्या कंपनीत एखाद्याला काढायचं तर चार जणांच्या सह्या लागतात आणि तेवढ्यात राग उतरतो. इथे संध्याकाळी साडेपाचला केबिनमधून हाक येईल आणि "उद्यापासून त्याला गेटवर घेऊ नका" असं ऐकायला मिळेल. मी "हो साहेब" म्हणायचे आणि पत्र सकाळी सहीला न्यायचे. त्या संध्याकाळी कधीच नाही. निम्म्या वेळा तरी साहेब सकाळी म्हणायचे, "राहू द्या, समज देऊन सोडा." उरलेल्या वेळी मी रीतसर चौकशीचं बोलायचे. एकदा मात्र कामगारांच्या कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवायला सांगितलं गेलं. मी नाही म्हटलं. पुढचे तीन महिने साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते तीन महिने जड गेले गं, घरी तुम्हा कुणाला कळू दिलं नाही. तुझ्यावरही अशी वेळ येईल. बाजूच्या टेबलावर मन मोकळं करायला कुणी नसेल, म्हणून आधीच मनाशी ठरवून ठेव की काय करणार नाहीस.

रुजू व्हायच्या आधी एकदा त्यांना भेटून स्पष्ट बोल. तू कुणाला रिपोर्ट करणार? अकाउंट्सच्या साहेबांना नको, थेट मालकांना. पीएफ आणि ईएसआयची गेल्या बारा महिन्यांची चलनं बघायला माग. दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायची असतात, तारखा बघितल्यास की त्या घराची रीत कळते. कायद्याचा सल्लागार ठेवायला पैसे मंजूर आहेत का, ते विचार. तो हवाच, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन श्रमसंहिता लागू झाल्यात आणि जुने २९ कायदे त्यांत गेलेत. मी जे पाठ केलं होतं त्यातलं बरंच आता बदललं. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हिशेब बदलला. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. आणि राजीनामा दिलेल्याचंही वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. आमच्याकडे फुल अँड फायनलला, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाला, माणसं महिनोन्‌महिने चकरा मारायची, बायकोला घेऊन गेटवर उभी राहायची. हे एक कलम वाचून मला खरंच आनंद झाला. ते नीट पाळ.

लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती आहे का, तेही बघ. दहा माणसं असली तरी ती लागते, तिच्यात निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात, बाहेरची एक सदस्य हवी. बहुतेक अध्यक्ष तुलाच करतील. एक लक्षात ठेव, तक्रार मालकाविरुद्धच असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पॅकिंगमधल्या बायकांना हे मराठीत, तोंडी, समोर बसवून सांग. भिंतीवरचा इंग्रजी कागद कुणी वाचत नाही.

पुण्याहून पॉलिसीच्या फायली जशाच्या तशा आणू नकोस. आधी महिनाभर हजेरी वाच. अंबडमध्ये अर्धी माणसं खानदेशातली, धुळ्या-जळगावकडची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती गावी जाणार म्हणजे जाणारच. श्रावणात त्यांची कानबाई देवी बसते रविवारी, सोमवारी विसर्जन, त्या दिवशी आमच्या सिडकोच्या गल्ल्या ओसंडून वाहतात आणि कारखान्यात पाळी रिकामी. पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडची पोरं जुलैत भातलावणीला जातात. दर वर्षी साहेब "न सांगता गैरहजर" म्हणून नोटिसा काढायला लावायचे. शेवटी मी जानेवारीतच सुपरवायझरांना बसवून कुणाला सुट्टी केव्हा लागते ते वहीत लिहून घ्यायला लागले, आणि बदली माणसं ठरवून ठेवायला. गैरहजेरी गेली नाही, पण नोटिसा थांबल्या. पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे, ऑगस्ट-सप्टेंबरात स्नानाचे दिवस. २०१५ ला पहिल्या पर्वणीला बॅरिकेडमुळे आमची सकाळची माणसं पोचलीच नव्हती. त्याचंही आत्तापासून डोक्यात ठेव.

आणि जेवायची सुट्टी. हे वाचून तुला क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात अवघड हेच जाईल. सगळ्यांचे पगार तुला माहीत, कुणाला बढती मिळणार, कुणाला समजपत्र जाणार, तेही माहीत. तू टेबलाशी आलीस की बोलणं थांबेल. पहिल्या वर्षी मी डबा टाइम ऑफिसातच खायचे. मग कॅन्टीनच्या मावशींशेजारी बसायला लागले, आणि रोज वेगळ्या खात्याच्या टेबलाला. एकाच टोळक्यात कधी बसले नाही. तुझ्या पुण्याच्या दोन-तीन मैत्रिणी मात्र सोडू नकोस. अडलं की त्यांना फोन कर, नावं न घेता विचार. शेजारच्या कारखान्यांत तुझ्यासारखीच एकटी बसलेली पाच-सहा माणसं सहज सापडतील. अंबडला आयमाच्या, सातपूरला निमाच्या, म्हणजे कारखानदारांच्या संघटनांच्या, कार्यक्रमांना जात जा, तिथे भेटतात. माझ्या वेळी समोरच्या कंपनीतल्या एक बाई होत्या. बोनसच्या हिशेबापासून ते रडण्यापर्यंत सगळं आम्ही त्रिमूर्ती चौकाच्या रिक्षा स्टॉपवर उभ्या राहून केलंय.

पगार थोडा कमी, हुद्दा छोटा वाटतोय असं म्हणालीस. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, तो हिशेब तुझा तू कर. पण मागच्या महिन्यात पवन नगरच्या भाजी बाजारात एका बाईने माझी पिशवी हातातून घेतली. ओळखलं नाही मी. म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझ्या यजमानांचा पीएफ काढून दिला होता, ते गेले तेव्हा. पोरगी नर्स झाली आता." घरापर्यंत पिशवी आणून दिली आणि चहासुद्धा घेतला नाही. तो क्लेम फॉर्म मी कोणत्या टेबलावर बसून भरला, तिच्या अंगठ्याची शाई पुसायला काय दिलं, ते सगळं रात्री आठवत बसले.

पुढच्या शनिवारी येशील तेव्हा ऑफर लेटर घेऊन ये. आपण दोघी बसून वाचू. माझ्या तारखांची जुनी वही माळ्यावरून काढून ठेवलीय, त्यातलं निम्मं आता चालणार नाही, पण भातलावणी आणि आखाजीची पानं तुला उपयोगी पडतील. आणि कारखाना बघायला बोलावलं तर प्रेस शॉपमधून फिर आणि मशीनला हात वाचवणारे गार्ड लावलेत की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तुझी,
आई