फोनवरून आमचं इंटरनेट जोडून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण तुमची परवानगी घेतलेली नाही म्हणून इथे लिहीत नाही. तक्रार बंद झाल्यावर मोबाइलवर निरोप आला होता, सेवा कशी वाटली ते कळवा, पाचपैकी तारे द्या. तारे दिले. पण त्या संध्याकाळी तुम्ही जे केलंत ते ताऱ्यांत मावत नाही आणि तिथे चार ओळींपुढे लिहूही देत नाहीत. म्हणून हे उघडं पत्र. तुमच्या नजरेस पडलं तर आनंदच आहे. नाही तर तुमच्यासारखंच दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या अडचणी ऐकणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाचनात येईल.

घराचं रंगकाम निघालं तेव्हा सगळं सामान हललं होतं. रंगारी गेले आणि आमच्या हातात राहिली एक पिशवी. तिच्यात दोन डबे (एक भिंतीतली वायर जिथे लागते तो, दुसरा वायफाय देणारा राउटर), दोन अडॅप्टर आणि वायरींचं भेंडोळं. कसंबसं जोडलं, तर लाल दिवा लागला आणि इंटरनेट येईना. तुमच्या आधी मदतकेंद्रातल्या ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, मग मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट दाबून धरायला सांगितलं आणि फोन ठेवला. रीसेटमुळे राउटरमध्ये साठवलेलं सगळं पुसलं गेलं. लाल दिवा होता तसाच राहिला.

तुमचा फोन आला तेव्हा मी घाईघाईत एवढंच म्हणाले की आईसाठी लवकर हवं आहे. का, ते तुम्ही विचारलंत. माझ्या आईला ऐकू फार कमी येतं. साध्या फोनचा तिला उपयोग नाही. माझी बहीण दूर राहते आणि व्हिडिओ कॉलवर आई तिचे ओठ वाचते. मोबाइल डेटा आमच्या घरात अडखळतो. चित्र थांबलं की ओठ थांबतात आणि दोघींचं बोलणं अर्ध्यात तुटतं. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "मग आज पूर्ण करूनच उठू या. घाई करू नका, मी आहे." त्या "मी आहे"साठी तुमचे पहिले आभार.

नंतर तुम्ही जे विचारलंत ते आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं. "राउटर राहू द्या बाजूला. भिंतीतून जी वायर येते ती कुठे जाते, आणि त्या डब्यावर कोणकोणते दिवे लागलेत, ते मला वाचून दाखवा." वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका प्रश्नात मला उमगलं. वायफाय म्हणजे राउटरपासून आपल्या मोबाइलपर्यंतचा घरातला टप्पा. इंटरनेट त्याच्याही आधी, भिंतीतून आत येतं. वायफायच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या असूनही आत काहीच येत नसेल, असं होऊ शकतं. आमच्याकडे तेच झालं होतं. म्हणून तुम्ही भिंतीपासून सुरुवात केलीत आणि मागची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेतली नाहीत.

आधी अडॅप्टर. दोघांच्या पिना एकसारख्या, कुठलाही कुठेही बसतो. तुम्ही मला दोन्हींवरची बारीक अक्षरं वाचायला लावलीत, मग डब्यांच्या तळाचं लेबल. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. एक १२ व्होल्टचा निघाला आणि एक ९ चा, आणि दोन्ही उलट डब्यांना लागलेले होते. ९ व्होल्टचं यंत्र १२ वर जळू शकतं, हे तुम्ही अगदी शांतपणे सांगितलंत आणि मला अदलाबदल करायला लावली.

मग भिंतीतून येणारी ती पिवळी बारीक वायर, म्हणजे फायबर: आत काचेची तार, जिच्यातून इंटरनेट प्रकाशाच्या रूपात येतं. तिच्या टोकाचा हिरवा प्लग मी हातात घेतला तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदाच जरा कडक झाला. "टोकाकडे डोळा लावून बघू नका, बोटही लावू नका." आतून जाणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे काही नाही असं वाटतं, पण तो असतो. आणि काच केसाएवढी बारीक असल्याने बोटाचा तेलकट ठसाही प्रकाश अडवायला पुरतो. हिरव्या प्लगचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं, म्हणून हिरवा हिरव्यातच बसवायचा, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत.

प्लग 'टक्' करून बसला, तरी एलओएस लिहिलेला, म्हणजे प्रकाश पोचत नसल्याचं सांगणारा दिवा लालच. इथे बहुतेकांनी "माणूस पाठवतो" म्हणून विषय संपवला असता. तुम्ही विचारलंत, "वायर भिंतीपासून डब्यापर्यंत येताना कुठे दुमडली आहे का? हात फिरवत या." मी हात फिरवत गेले. कपाट जागेवर ढकलताना त्याच्या मागच्या पायाखाली वायर दबली होती आणि तिथे तिला चांगलाच काटकोन पडला होता. तांब्याची तार दुमडली तरी वीज वाहते. काचेची तार तीव्र वळली की त्या वळणावर प्रकाश बाहेर निसटतो आणि पुढे पुरेसा पोचतच नाही. आम्ही कपाट उचललं, वायर सोडवली आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे सैल गोल वळण देऊन ठेवली. लाल दिवा विझला. शेजारचा पॉनचा, म्हणजे कंपनीशी जोडणी झाल्याचा, हिरवा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. मी तुम्हाला ते सांगितलं तेव्हा फोनवर तुमचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. तुम्हालाही ते मनापासून हवं होतं, हे मला तेव्हा कळलं.

यानंतर राउटर. डब्यातून येणारी जाड वायर वेगळ्या रंगाच्या, वॅन (म्हणजे बाहेरून येणारं इंटरनेट) लिहिलेल्या खाचेत. बाकीच्या चार खाचा घरातल्या यंत्रांसाठी. हे चटकन झालं.

मोबाइलवर राउटरच्या सेटिंगचं पान मात्र उघडेना. १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकला तरी पान कोरंच. तुम्ही लगेच ओळखलंत. राउटरच्या वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की मोबाइल आपणहून डेटाकडे वळतो, आणि तो पत्ता घराबाहेर शोधायला जातो. मोबाइल डेटा बंद केला आणि पान समोर आलं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून हाच पत्ता असंख्य घरांत असतो आणि बाहेरून त्याला काही अर्थ नसतो, हे तुम्ही पान उघडेपर्यंतच्या वेळात समजावलंत. हे सांगायची तुम्हाला काही गरज नव्हती. पण त्यामुळे मी पुढचे आकडे न घाबरता टाकले.

रीसेटने सगळं गेलंय म्हणून मी हळहळत होते. तुमच्या आधी बोललेल्यांबद्दल तुम्ही एक शब्दही वावगा काढला नाहीत. "पाटी कोरी झाली आहे, तर आता सुवाच्य लिहू या," एवढंच म्हणालात. पीपीपीओई, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन कंपनीशी जोडायची पद्धत, निवडायला सांगितलंत, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड एकेक अक्षर, कुठलं मोठं कुठलं लहान हे सांगत लिहवून घेतलंत, कंपनीच्या जोडणीसाठी लागणारा व्हीलॅनचा क्रमांक टाकायला लावलात. जतन केल्यावर वॅनच्या ओळीत ०.०.०.० असं दिसत होतं. तुम्ही म्हणालात, "या शून्यांकडे बघत राहा." थोड्या वेळाने शून्यांच्या जागी खरा पत्ता उमटला. इंटरनेट घरात आलं ते त्या क्षणी.

आता खरं तर तुम्ही फोन ठेवू शकला असतात, तक्रार तिथेच मिटली होती. पण तुम्ही विचारलंत, "वायफायचं जुनं नाव आणि पासवर्ड आठवतोय का?" दोन्ही मोठी-लहान अक्षरं सांभाळून जसंच्या तसं ठेवलं तर घरातली सगळी यंत्रं आपोआप जोडली जातील, प्रत्येकापुढे बसावं लागणार नाही. आणि तसंच झालं. टीव्ही, बहिणीने आईला पाठवलेला टॅब, सगळे एकेक करून आपणहून आले. फक्त प्रिंटर रुसला होता, कारण त्याला वायफायच्या लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झच दिसतं आणि रीसेटनंतर सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर गेली होती, जो जुन्या यंत्रांना कळत नाही. तुम्ही ती डब्ल्यूपीए२ आणि ३ अशी एकत्र ठेवायला सांगितलीत आणि तोही आला. राउटरमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा असतो आणि लेबलवर छापलेला तसाच ठेवायचा नाही, हे बदलून घेतलंत. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएसची सोय बंद करायला लावलीत.

एक गोष्ट मला विशेष आवडली. वेग मोजला तर तो ९४ एमबीपीएसवर अडकला होता, आमची योजना मात्र २०० ची. मी चालेल म्हणाले. तुम्ही "नाही, ९४ म्हणजे काहीतरी आहे" म्हणालात आणि वॅनच्या ओळीत लिंकचा, म्हणजे डबा आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा, वेग वाचायला लावलात. १००. त्या जाड वायरीत आठ तारा असतात. १०० च्या वेगाला चारच पुरतात, १००० ला आठही लागतात, म्हणजे उरलेल्या चारांतली एखादी तुटली की दोन्ही यंत्रं गुपचूप १०० वर समझोता करतात, आणि प्रत्यक्ष हाती त्याहून थोडं कमी येतं. दुसरी वायर लावली, लिंक १००० झाली, वेग पूर्ण मिळाला. एका आकड्यावरून घरातली न दिसणारी तुटलेली तार फोनवर शोधून काढणाऱ्या माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

राउटर कपाटात नको, जमिनीवर नको, आरशामागे नको, मायक्रोवेव्हजवळ तर नकोच, कारण तोही २.४ च्याच आसपास चालतो. घराच्या साधारण मध्यात, उंचावर ठेवा. २.४ साठी वायफायचं चॅनेल (लहरींतला मार्ग) १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो निवडा, कारण तेवढेच एकमेकांवर चढत नाहीत. आईच्या खोलीत भिंती आड येतात म्हणून तिचा टॅब २.४ वरच राहू द्या, तिथे ५ गिगाहर्ट्झ अर्ध्या वाटेत दमतं. हे सगळं मी लिहून घेतलं आणि तसंच केलं आहे.

सगळं झाल्यावर तुम्ही स्वतःहून म्हणालात, "आईंना कॉल लावून बघा, मी थांबते." बहिणीचा चेहरा आला. चित्र एकदाही थांबलं नाही. आई तिला रंग दाखवायला टॅब घेऊन घरभर फिरली, अगदी शेवटच्या खोलीपर्यंत, आणि बोलणं तुटलं नाही. त्यांच्या गप्पा लांबणार हे दिसल्यावर मी तुम्हाला सांगितलं, तेव्हाच तुम्ही फोन ठेवलात.

आणखी एक. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी अडॅप्टरांना चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, खाचांवर रंग लावला आहे आणि नाव, क्रमांक कागदावर उतरवून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावले आहेत. दिव्यांचा अर्थ आईसाठी मोठ्या अक्षरांत लिहिला. मधे वीज जाऊन आली तेव्हा मी घरी नव्हते. आईने कागद बघून मला निरोप पाठवला: "पॉन हिरवा आहे, इंटरनेटचा दिवा अजून नाही, थांबते." आणि पाचेक मिनिटांनी: "आला." ज्या बाईला मदतकेंद्राला फोनच करता येत नाही, तिला तुम्ही स्वतःचं स्वतः बघता येईल असं करून दिलंत. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

तुमच्या वरिष्ठांना तक्रार क्रमांकासह वेगळं पत्र पाठवलं आहे. एकेका कॉलला किती वेळ लागला यावर तुमचं काम मोजतात असं ऐकून आहे. आपला कॉल फार लांबला होता. तो वेळ तुमच्या नावावर उशीर म्हणून लागू नये, आणि त्या एका कॉलमुळे आमच्याकडे माणूस पाठवावा लागला नाही, पुन्हा तक्रारही आली नाही, हे तुमच्या नोंदीत लिहिलं जावं, अशी विनंती त्यात केली आहे. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहीन.

कळावे, लोभ असावा.

तुमची कृतज्ञ,
त्या संध्याकाळी कपाट उचलणारी ग्राहक