साठा आहे, पण गिऱ्हाईक कुठे?

संपादक महोदय,

बाह्य सूर्यमालेतल्या खाणकामावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. शनीच्या टायटन या चंद्रावर पृथ्वीच्या ज्ञात तेल-वायू साठ्यांच्या शेकडो पट हायड्रोकार्बन, म्हणजे मिथेनसारखी कार्बन-हायड्रोजनची संयुगे, तळ्यांत साठलेली आहेत, हे त्यातले विधान खरे आहे. कॅसिनी यानाच्या रडार-निरीक्षणांवरून 2008 मध्ये तसाच अंदाज मांडला गेला होता. पण त्यावरून लेखकाने काढलेला ‘अमाप संपत्ती’ हा निष्कर्ष मला मुळीच पटला नाही. माझी सगळी नोकरी बँकेत उद्योगांची कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. माल किती आहे, हा आमचा शेवटचा प्रश्न असे. तो घेणार कोण आणि पैसे परत केव्हा येणार, हे आधी.

टायटनचेच बघा. एक किलो मिथेन जाळायला चार किलो ऑक्सिजन लागतो आणि तिथल्या हवेत तो नाही. बर्फ आहे, त्यातून काढू म्हणावे, तर पाण्याचे विघटन करायलाच मिथेन जाळून मिळते त्याहून जास्त ऊर्जा घालावी लागते. ही ऊर्जा आणायची कुठून? शनीपाशी सूर्यप्रकाश आपल्याकडच्या नव्वदाव्या हिश्श्याइतकाच पोहोचतो. म्हणून तर कॅसिनी प्लुटोनियमवर चालत होते. थोडक्यात, त्या तळ्यांतला मिथेन तिथे इंधनच नाही.

आता मुदत. कॅसिनी ऑक्टोबर 1997 मध्ये निघाले आणि जुलै 2004 मध्ये शनीपाशी पोहोचले. जायला जवळपास सात वर्षे, यायला तेवढीच, मध्ये खोदकाम. म्हणजे पंधरा वर्षे धरू. दहा टक्के चक्रवाढीने या काळात शंभराचे चारशे अठरा होतात. इतकी वर्षे एक पैसाही न मिळता चौपट परतावा देईल असा कोणता धातू तिथून आणणार? बेन्नू हा तर पृथ्वीजवळचा लघुग्रह. तिथून ओसायरिस-रेक्स मोहिमेने 2023 मध्ये 121.6 ग्रॅम माती आणली. त्याला सात वर्षे आणि 100 कोटी डॉलरांहून जास्त खर्च आला. ती विज्ञानाची मोहीम होती आणि तो खर्च सार्थकीच लागला, पण अंतराळातून माल आणायचा म्हणजे काय, याची त्यावरून कल्पना येते.

युरेनसच्या वातावरणातल्या हीलियम-3 चा, म्हणजे हीलियम वायूच्या एका हलक्या प्रकाराचा, उल्लेख लेखात आहे. तो वायू घेऊन युरेनसच्या गुरुत्वातून सुटायला सेकंदाला सुमारे 21 किलोमीटर वेग हवा, पृथ्वीवरून लागतो त्याच्या जवळपास दुप्पट. शिवाय अणुकेंद्रे जोडून ऊर्जा देणाऱ्या ज्या संलयन भट्ट्यांसाठी तो आणायचा, त्या अजून अस्तित्वात नाहीत.

नफा कधी होणारच नाही, असे मी म्हणत नाही. गुरूच्या कॅलिस्टो या चंद्रावर माणसे राहू लागली, तर तिथल्या बर्फातले पाणी तिथेच विकणारा कमावेल. पण वस्ती आधी, धंदा नंतर.

मला खरी काळजी वेगळीच आहे. युरेनसजवळून आजवर एकच यान गेले, व्हॉयेजर 2, तेही 1986 मध्ये. तिकडे पुन्हा जायलाच हवे, पण ते सार्वजनिक पैशाने आणि ज्ञानासाठी. नफ्याचे आमिष दाखवून मोहिमा मंजूर करून घेतल्या, तर ताळेबंद कोरा दिसताच पहिली कात्री त्यांनाच लागेल, आणि सामान्य गुंतवणूकदार पोळेल तो वेगळाच. निदान यापुढे अशा लेखांत साठ्याच्या आकड्याशेजारी प्रवासाचा काळ आणि गिऱ्हाईक कोण, एवढे तरी छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त बँक अधिकारी