हवामानाचा नुसता आकडा नको, नकाशा छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात रोज हवामानाचा चौकोन असतो : कमाल तापमान, किमान तापमान, आर्द्रता. मोठा पाऊस यायचा असला की बातमीत एक वाक्य येते, 'कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याने पावसाची शक्यता.' हे क्षेत्र कुठे आहे, किती खोल आहे, कुठल्या दिशेला सरकते आहे, यातले काहीच वाचकाला कळत नाही. माझी बत्तीस वर्षे व्यापारी जहाजांवर गेली. तिथे या तीन प्रश्नांवर आमचे जीव अवलंबून असत, म्हणून ही उणीव मला फार टोचते.

उमेदवारीच्या काळात दर तीन तासांनी हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर वाचून लॉगबुकात लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. उत्तर अटलांटिकमध्ये एका रात्री मी १००२ लिहिले आणि वही मिटली. चीफ ऑफिसरनी ती उघडून विचारले, "मागच्या वेळी किती होता?" १००९ होता. तीन तासांत सात मिलिबार. "मग ते आधी सांगायचं. आकडा नको, उतार सांग!" आणि त्यांनी तेवढ्या रात्री डेकवरचे सामान पुन्हा आवळून बांधायला माणसे पाठवली. पहाटे लाटा डेकवरून वाहत होत्या.

समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३ मिलिबार असतो. १००२ त्याहून कमी आहे, पण तेवढ्याने घाबरण्यासारखे काही नाही. वारा सुटतो तो दोन ठिकाणच्या दाबातल्या फरकामुळे. नकाशावर समभार रेषा, म्हणजे सारखा दाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जितक्या दाटीने येतील तितका वारा जोरकस. पृथ्वी फिरते म्हणून हा वारा सरळ कमी दाबात न शिरता त्याच्याभोवती वळसा घेतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला हा नियम प्रत्येक खलाशाला पाठ असतो. उष्ण कटिबंधात हिशेब थोडा निराळा. तिथे दाब दिवसातून दोनदा आपणहून चढतो-उतरतो : दहाच्या सुमारास चढ, चारच्या सुमारास उतार, सकाळीही आणि रात्रीही. ही नेहमीची चढउतार वजा करूनही दाब त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा पाच मिलिबारने खाली असला, तर जवळपास चक्रीवादळ आहे असेच आम्ही धरून चालत असू.

त्या रात्रीची सूचना आकाशाने आदल्या दुपारीच दिली होती, मला ती वाचता आली नव्हती. आधी पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ आले, मग सूर्याला खळे पडले, मग ढगांचे छत खाली खाली येत गेले. उबदार हवा थंड हवेच्या पाचरीवर चढत असताना हाच क्रम दिसतो. ही चढण फार सौम्य असते, शंभर-दीडशे मैलांत जेमतेम एक मैल. म्हणून पाऊस शेकडो मैल लांब असतानाच पहिले ढग डोक्यावर येतात. मागून थंड हवा आली तेव्हा नैर्ऋत्येचा वारा एका झटक्यात वायव्येला फिरला, बॅरोमीटर चढू लागला आणि आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झाले. दोन वायुराशींच्या या सीमेला 'फ्रंट' म्हणतात. नॉर्वेतल्या बर्गेनच्या शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे नाव दिले. युद्धातली आघाडी तेव्हा सगळ्यांच्याच मनात होती.

समुद्राच्या पाण्याचे तापमान आम्ही कॅनव्हासची बादली सोडून मोजत असू. न्यूफाउंडलंडजवळ गल्फ स्ट्रीमच्या उबदार प्रवाहातून थंड लॅब्राडोर प्रवाहात शिरताना एकाच वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या एका पाळीत, पारा दहा अंशांनी उतरलेला मी पाहिला आहे. थोड्याच वेळात धुके इतके दाटले की जहाजाचे नाक दिसेना. उबदार दमट हवा थंड पाण्यावर आली की हेच होते. पेरूच्या किनाऱ्यालगत, विषुववृत्तापासून अवघ्या बारा अंशांवर, मी स्वेटर घालून वॉच केला आहे! तिथे हंबोल्ट प्रवाहाचे थंड पाणी खालची हवा गार आणि जड ठेवते. ती वर उठत नाही, त्यामुळे ढग आणि धुके असूनही पाऊस नाही. त्याच्या दक्षिणेला अटाकामाचे वाळवंट समुद्राला लागून पसरले आहे.

काही वर्षांनी या किनाऱ्यावर गरम पाणी येते, तो एल निनो. पॅसिफिकच्या दोन टोकांचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा खालीवर होतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते. ते पाणी आणि ही पारडी एकाच यंत्रणेचे भाग आहेत, हे १९६९ मध्ये स्पष्ट केले याकोब ब्यर्कनेस यांनी. पंचविशीही न ओलांडता, १९१९ मध्ये, फिरत्या चक्रवातांची रचना उलगडून सांगणारा बर्गेनचा तरुण तो हाच. एकाच माणसाने पन्नास वर्षांच्या अंतराने आधी हवेचे आणि मग समुद्राचे कोडे सोडवले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

लंडनच्या 'द टाइम्स'ने १ एप्रिल १८७५ रोजी आदल्या दिवसाचा हवामान नकाशा छापला होता, वायुभाराच्या रेषांसह. तेव्हा जे जमले ते आज अवघड नसावे. माझी विनंती एवढीच, की त्या चौकोनाशेजारी दोन स्तंभांचा समभार रेषांचा नकाशा द्यावा : कमी-जास्त दाबाची केंद्रे, ती कालपासून कुठे सरकली याचा बाण, आणि समुद्राचे पाणी सरासरीहून कुठे गरम, कुठे गार. पहिले काही दिवस तो कसा वाचायचा हे चार ओळींत सांगावे लागेल. त्या ओळी लिहून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी