डिस्चार्जआधी शुश्रूषा शिकवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्याच्या पानांवर नवी औषधे, नवी यंत्रे आणि शस्त्रक्रिया यांना भरपूर जागा मिळते. पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, भरवावे कसे, याविषयी क्वचितच काही वाचायला मिळते. वॉर्डात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यामुळे याबाबत लिहावेसे वाटले.

तीव्र आजारात रुग्णाभोवती प्रशिक्षित माणसे असतात. आजार लांबला की तेच काम घरच्यांवर येते आणि त्यांच्या हाती असते ते डिस्चार्ज कार्ड, ज्यावर गोळ्यांच्या वेळा नीट लिहिलेल्या असतात, शुश्रूषेबद्दल मात्र बहुधा अवाक्षरही नसते.

पक्षाघाताच्या रुग्णाचेच पाहा. साधारण दर २ तासांनी कूस बदलावी, हे बहुतेकांच्या कानावर आलेले असते. परंतु रुग्णाला ओढल्यास कातडी घासली जाते, म्हणून त्याच्याखाली घडी केलेली चादर आडवी ठेवून दोघांनी ती दोन्ही बाजूंनी उचलून त्याला सरकवावे, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांत कलते निजवावे आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात, हे सहसा कोणी करून दाखवत नाही. माकडहाडावर लाली दिसली तर ती बोटाने दाबून पाहावी. दाबल्यावरही ती फिकी पडत नसेल तर शय्याव्रणाची (एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तेथे भोवतालच्या भागापेक्षा गरम, गार किंवा टणक लागणारी जागा हाताने चाचपावी लागते. अशा जागी तेल लावून चोळणे मायेपोटीच होते, पण त्याने आतली इजा वाढते. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही नको, कारण तिच्या कडांच्या दाबाने रक्तपुरवठा अडतो. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलण्यातून सुटका झाली, हा समज तर निखालस चुकीचा आहे.

भरवताना रुग्णाला बसते करावे आणि नंतरही निदान अर्धा तास तसेच ठेवावे. घोट घेतल्यावर ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला तर पाजणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली असावी, मात्र जमिनीला टेकू नये.

प्रकृती अचानक बिघडते तेव्हा श्वासाचा वेग बऱ्याचदा सर्वांत आधी बदलतो. तो मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. छातीवर नजर ठेवून पूर्ण १ मिनिट मोजावे, आणि आपण मोजतो आहोत हे रुग्णाला सांगू नये. शांत पडलेल्या प्रौढ व्यक्तीत हा वेग १२ ते २० असतो. तो २५ वर गेला तर सकाळची वाट पाहू नये. (सगळ्यांच्या तक्त्यावर सरसकट २० लिहून मोकळे होण्याची आमच्या व्यवसायातील सवय मुळीच अनुकरणीय नाही.) वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर ताप नसतानाही संसर्ग असू शकतो, ते बोलणे वयाचा परिणाम समजून सोडून देऊ नये.

माझी मागणी एवढीच की, ‘समजावून सांगितले’ अशी सही घेऊन नातेवाइकांची बोळवण करू नये. कूस बदलणे, भरवणे, इन्सुलिन टोचणे, यांपैकी त्या रुग्णाला जे लागणार असेल ते घरच्या माणसाने सिस्टरसमोर स्वतः करून दाखवावे, आणि त्यानंतरच डिस्चार्ज कार्डावर तशी नोंद व्हावी. अनेक रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेला हे काम जाता जाता उरकता येणार नाही. त्यासाठी लागणारा वेळ ड्यूटीच्या तक्त्यातच धरला गेला पाहिजे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका