टीएतून मेडिकलवर बाहेर पडायचं की नाही?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मीची भरती निघाली की तुमच्या पेपरात मोठी बातमी असते, मेळावा कुठे, किती धावायचं, कागद कुठले आणायचे सगळं. चांगलंच आहे. पण आत गेलेल्या जवानाची कंबर नाहीतर गुडघा गेला तर त्याने पुढं काय करायचं यावर मी तरी कधी चार ओळी वाचल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

मी स्वतः टीएत आहे, युनिटचं नाव राहू दे. गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. लोकांना वाटतं टीए म्हणजे वर्षाला दोन महिने कॅम्प करायचा आणि घरी यायचं, पण युनिट एम्बॉडी झालं, म्हणजे पूर्णवेळ ड्युटीला बोलावलं, की वर काश्मीरला रेग्युलरवाल्यांच्या बरोबरीनं ड्युटी असते. तिथंच लोड घेऊन उतारावरून येताना पाय घसरला आणि मणका सरकला. प्लाटून हवालदार जुना माणूस, त्याने त्याच दिवशी एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नोंद करायला लावली, इंज्युरी रिपोर्ट झाला, एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला गेलो आणि कॅटेगरी लागली, म्हणजे मेडिकल दर्जा खाली आला. माझ्या बॅरेकमधला एकजण मात्र सुजलेल्या गुडघ्याला पँटच्या आतून क्रेप बँडेज गुंडाळून पीटीला उभा राहायचा, कुणाला बोलायचा नाही, कारण कॅटेगरी लागली की पुढच्या खेपेला एम्बॉडी करणार नाहीत ही भीती, आणि एम्बॉडी नाही तर पगार नाही. त्यात जवानाला पेन्शनला 15 वर्षं लागतात ती एम्बॉडी सेवेची, नुसती नाव असल्याची वर्षं त्यात धरत नाहीत. मग माणूस दुखणं दाबून दिवस भरत राहतो.

आता माझ्या घरात दोन पक्ष आहेत. बायको म्हणते, नाव काढून घ्या, दुकान बघा. वडील रेग्युलरमधून पेन्शन आलेत, त्यांचं एकच, स्वतःहून अर्ज देऊ नको, मेडिकल बोर्ड, म्हणजे आर्मीच्या डॉक्टरांची तपासणी, होऊ दे. मला वडिलांचं पटतं. कारण बोर्डाच्या कागदावर दोन गोष्टी लिहिल्या जातात, दुखापत किती टक्के आणि ती सेवेमुळे झाली किंवा वाढली का, आणि डिसॅबिलिटी पेन्शनचा सगळा खेळ त्यावरच आहे. साधारण 20 टक्क्यांच्या खाली असेल तर हातात काही येत नाही. शिवाय 2023 ला नियम नव्याने आलेत, त्यामुळे पारावर बसलेल्या जुन्या पेन्शनरांचा हिशोब आपल्याला जसाच्या तसा लावून चालत नाही (वडिलांना हे सांगायची सोय नाही!).

पार्ट टाइमवाल्याला कुठलं पेन्शन, असं खुशाल बोलणाऱ्यांनी पानी राम यांची केस बघावी. 25 वर्षं इन्फंट्रीत काढून ते टीएच्या इको टास्क फोर्सला, म्हणजे झाडं लावणाऱ्या पर्यावरणाच्या तुकडीला गेले, मंजूर रजेवर असताना अपघात झाला, पाय गुडघ्यापासून गेला, 80 टक्के अपंगत्व. तुम्ही भरती होताना जादा पेन्शन मागणार नाही असं लिहून दिलंय, असं त्यांना ऐकवलं गेलं. 17 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टाने, त्या खंडपीठात आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई होते, त्यांना रेग्युलर जवानासारखंच डिसॅबिलिटी पेन्शन द्यायला सांगितलं. भरती होताना पुढे केलेल्या कागदावर जवान सही करणार नाही तर काय करणार, एवढी साधी गोष्ट पटवायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. इको बटालियन आपल्या संभाजीनगरलाही आहे, तिथल्या किती पोरांना हे माहीत असेल?

माझं म्हणणं एवढंच की कॅम्पच्या पहिल्या आठवड्यात जसं हत्याराचं शिकवतात तसा एक तास इंज्युरी रिपोर्ट, कॅटेगरी आणि बोर्ड यावर घ्यावा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून माणूस बोलवावा. रिपोर्ट वेळेवर झाला नाही तर पाच वर्षांनी बोर्डासमोर काय दाखवणार, त्या बँडेजवाल्याकडे आज एक चिठ्ठी पण नाही.

मी बोर्डाला जायचं ठरवलंय. कुणा टीएवाल्याचं प्रकरण मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलपर्यंत, म्हणजे सैनिकांच्या प्रकरणांच्या कोर्टापर्यंत गेलं असेल तर त्याने तुमच्याकडे लिहून पाठवावं आणि तुम्ही ते छापावं, वकिलाचा खर्च किती आला तेही.

आपला,
एक टीए जवान, कोल्हापूर जिल्हा