साहेब, पंधराव्या वर्षी पहिली पायरी खेळायची सोय करा

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार साहेब,

माझी मुलगी नववीत आहे, पंधरावं सरत आलंय आणि ती जिम्नॅस्टिक्स करते. फार भारी करत नाही. राज्याच्या संघात ती जाणार नाही, हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तिच्या सरांनाही माहीत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिणारी आई म्हटली की निवडीत पोरीवर अन्याय झाला असणार, असंच लोकांना वाटतं. तसं काही नाही. माझं मागणं एवढंच आहे की आपल्याकडे जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा नुसत्या वयावर बेतलेली आहे, तिच्या जोडीला येणाऱ्या कौशल्यावर बेतलेली स्पर्धाही सुरू करा.

शालेय स्पर्धांचे गट आपल्याला ठाऊकच आहेत: 14, 17 आणि 19 वर्षांखालील. कबड्डी-खोखोला ही विभागणी चालून जाते. सातवीत पहिल्यांदा मैदानात उतरलेलं पोरगं अंगात रग असेल तर दहावीपर्यंत शाळेच्या संघात येतं. जिम्नॅस्टिक्सचं तसं नाही. इथे लेकरं पाच-सहा वर्षांची असतानाच गादीवर येतात. माझी मुलगी शाळेतला मल्लखांब बघून सातवीत आली. ज्या वयात बाकीच्या मुली बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे हातांवर उलटी उडी, मारत होत्या, त्या वयात ही सरळ कोलांटी शिकत होती. आता 17 वर्षांखालच्या गटात तिच्या शेजारी उभी राहणारी मुलगी आठ-नऊ वर्षं घासून आलेली असते. दोघींचं वय एक, म्हणून गट एक.

मागच्या जिल्हा स्पर्धेत या गटात तिघीच होत्या. ही तिसरी आली. गळ्यात पदक पडलं, फोटो झाला. घरी येताना स्कूटीवर मागून विचारते, "आई, तिसरी आले म्हणायचं का शेवटची आले म्हणायचं?" मी म्हटलं, "बीमवरून पडली नाहीस, तेवढं सांग." तर म्हणाली, "मार्क किती पडले तेच सांगितलं नाहीत की."

तिचं बरोबर होतं. या खेळात क्रमांकापेक्षा गुण जास्त बोलतात. सादरीकरणाला 10 पैकी गुण असतात. छोट्या चुकीला 0.10 कापतात, मधल्या चुकीला 0.30, मोठ्या चुकीला 0.50 आणि खाली पडलं तर सरळ 1 गुण जातो. म्हणजे मागच्या वेळी बीमवर दोनदा पडलेली मुलगी या वेळी एकदाच पडली, गुडघे सरळ राहिले, तर तिची प्रगती दशांशात दिसते. ती शेवटची आली असली तरी दिसते. आमच्या हातात मात्र फक्त "तृतीय" लिहिलेला कागद आला. एका मुलीला चार साधनं: व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी), बार (लटकायचे दांडे), बीम (अरुंद तुळई), फ्लोअर (गादीवरचं सादरीकरण). चार आकडे लिहून द्यायला किती कागद लागतो? पत्रातली ही सगळ्यात स्वस्त मागणी आहे, ती आधी मान्य केलीत तरी चालेल.

अमेरिकेत हा प्रश्न कसा सोडवलाय ते सांगते. तिथे मुलींच्या जिम्नॅस्टिक्समध्ये 1 ते 10 असे स्तर आहेत. खालच्या स्तरांना ठरवून दिलेला हालचालींचा संच असतो, सगळ्यांना तोच करायचा असतो आणि किती नेटका केला ते बघतात. पुढच्या स्तरांत स्वतःचा संच बसवता येतो. कमीत कमी वयाची अट आहे, जास्तीत जास्त वयाची नाही. शिवाय एक्सेल नावाची वेगळी वाट आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांची. ती उशिरा आलेल्या, आठवड्यातून थोडेच तास देऊ शकणाऱ्या मुलींना सोयीची पडते. पंधरा वर्षांची मुलगी तिथे तिच्या पायरीच्या मुलींबरोबर खेळते आणि त्या पायरीतही पुन्हा वयाचे गट पाडलेले असतात. म्हणजे हिला आठ वर्षांच्या चिमुरडीशी लढून जिंकायचं नाही आणि दहा वर्षं मुरलेल्या मुलीकडून हरायचंही नाही.

"वय झालं" हे वाक्य आमच्याकडे फार लवकर येतं. तेरावं लागलं की नातेवाईक सुरू होतात. "वयात आलेली पोर, आता कसल्या कोलांट्या मारतीय?" हे मी लग्नात ऐकलंय, बारशात ऐकलंय. मग कुणीतरी समजूतदार माणूस माझी बाजू घेऊन जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिनाचं नाव काढतो: 33 व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला व्हॉल्टचं रौप्य, 46 व्या वर्षी टोकियो ऑलिंपिक. नाहीतर आपली दीपा कर्माकर, रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टमध्ये चौथी आणि 2024 मध्ये तिशीत आशियाई सुवर्ण. दोघींबद्दल मला अपार आदर आहे, पण ही उदाहरणं माझ्या मुलीच्या कामाची नाहीत. त्या दोघी लहानपणीच सुरू झाल्या आणि उशिरापर्यंत टिकल्या. ही उशिरा सुरू झालीय. तिला टिकण्याच्या गोष्टी सांगून काय उपयोग, तिला उतरायला स्पर्धा पाहिजे.

आणि उशिरा सुरू होणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या असतात, त्या घरात दिसतात. एका वर्षात उंची वाढली आणि बारवर येणारी किप, म्हणजे लटकून झोक्याने अंग वर नेणं, गेली. मेहनत कमी झाली म्हणून गेली नाही. हातपाय लांब झाले, शरीराचा मध्य सरकला आणि जुना अंदाज चुकायला लागला. हाडं भरभर वाढत असतात, त्यांना चिकटलेले स्नायू मागे पडतात, मग गुडघ्याच्या खाली आणि टाचेत दुखतं. मनगटावर सतत भार येतो, तिथेही वाढीचा भाग नाजूक असतो. अशा वेळी उड्या कमी करून ताकद आणि लवचिकता सांभाळायची असते, हे कळणारा प्रशिक्षक लागतो. भीतीचंही तसंच. सहा वर्षांचं लेकरू मागे उडी मारताना विचार करत नाही, पंधरा वर्षांची मुलगी करते. बीम 10 सेंटीमीटर रुंद आणि जमिनीपासून 125 सेंटीमीटर उंच. आमची सराव करते तो जमिनीवर टेकवलेला. स्पर्धेच्या दिवशी पूर्ण उंचीच्या बीमवर चढली तेव्हा तिची पायाची बोटं आखडलेली मला गॅलरीतून दिसत होती. कार्टव्हील मारायच्या आधी तिने हात दोनदा वर नेले, खाली आणले आणि तिसऱ्यांदा मारली. पंचांनी थांबल्याचे गुण कापले असतील, ते नियमाने बरोबरच आहे. पण तिच्या पायरीच्या स्पर्धेत कमी उंचीचा बीम असता, तर ही भीती टप्प्याटप्प्याने गेली असती.

मोठ्या मुलांचं एक बरं असतं, ती सांगितलेलं समजून घेतात. सर एकदा म्हणाले, लहान्याला शंभरदा करवून घ्यावं लागतं, हिला का ते सांगितलं की दहा वेळांत कळतं. शरीर ऐकत नाही ती गोष्ट वेगळी.

आता ज्या मुद्द्यावर आपले अधिकारी लगेच आक्षेप घेतील तो. नवी स्पर्धा म्हणजे नवी प्रमाणपत्रं. प्रमाणपत्र म्हणजे दहावी-बारावीचे क्रीडा गुण, पुढे नोकरीतलं 5 टक्के आरक्षण. आणि तिथे काय होतं ते राज्याने बघितलंय. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याचं उघड झालं, तेव्हा त्यात आमच्याच खेळाचा भाऊबंद असलेल्या ट्रॅम्पोलीनचं नाव निघालं. म्हणून मी स्वतःच सुचवते की स्तरांच्या स्पर्धेला एकही क्रीडा गुण देऊ नका, आरक्षणाच्या यादीत तिचं नाव घालू नका. शासन निर्णयातच तसं स्पष्ट लिहा. ज्या कागदाला बाजारात किंमत नाही तो कोण बनावट छापणार? राखीव जागा खऱ्या अव्वल खेळाडूंच्या आहेत, त्या त्यांनाच राहू द्या. काही पालक यावर नाराज होतील, "मार्क नाहीत तर कशाला खेळायचं" म्हणतील. ज्यांना मार्कांसाठीच खेळायचंय त्यांना वयोगटाची वाट मोकळी आहेच.

लहान वयात चाचण्या घेऊन गुणी मुलं निवडायला क्रीडा प्रबोधिनी आहेत, त्या हव्यातच. माझं म्हणणं त्या जाळ्यातून सुटलेल्यांबद्दल आहे. आमच्या सोलापुरात हे समजायला अवघड जाऊ नये. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, त्याच्या आधी संध्याकाळी सराव चालतो. उंच काठी कमरेच्या आधारावर तोलून चालायचं, सोपं काम नाही. मिसरूड फुटलेला पोरगा नव्याने शिकायला आला तर त्याला कुणी "दहा वर्षांपूर्वी का नाही आलास" म्हणून परत पाठवत नाही.

मग लागतं काय? पहिले तीन-चार स्तर ठरवायचे, त्यांचे संच मराठीत लिहून व्हिडिओसह शाळांना द्यायचे. जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना या स्तरांपुरतं पंचगिरीचं थोडक्यातलं प्रशिक्षण द्यायचं. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेले प्रशिक्षक प्रत्येक तालुक्याला मिळणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण हँडस्टँड, म्हणजे हातांवर उभं राहणं, सरळ आहे का वाकडा, पाय जुळलेत का फाकलेत, हे ओळखायला शिकलेला शिक्षक अकलूज-बार्शीलाही तयार होऊ शकतो. सुरुवात एक-दोन जिल्ह्यांत करा. सोलापूरने करायला हरकत नाही. विभागीय स्पर्धेला आम्ही पुणे विभागात असतो, तिथल्या सज्ज हॉलमध्ये वाढलेल्या मुलांसमोर आमची पोरं कशी दबतात हे इथल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे.

हॉलच्या वेळेबद्दलही बोलायचंय. जिथे तिथे संध्याकाळी पाच ते सात लहान्यांच्या बॅचा, कारण फी त्यांची जास्त येते. मोठ्या मुलींना उरलेली वेळ. आठच्या पुढे सुटलेल्या मुलीला आणायला घरातलं कुणीतरी जावं लागतं आणि ज्या घरात आई कारखान्यात नाहीतर विड्या वळायला बसलेली आणि बाप यंत्रमागावर रात्रपाळीला, तिथे क्लासच बंद होतो. माझी मुलगी टिकली कारण माझ्याकडे स्कूटी आहे. तिच्याबरोबर सुरू झालेल्या, तिच्यापेक्षा लवचीक अशा मुली आता दिसत नाहीत. शासकीय पैशातून उभ्या राहिलेल्या हॉलमध्ये तेरा वर्षांपुढच्या मुलींसाठी आठवड्यातून निदान दोन दिवस सहाची वेळ राखून ठेवा, एवढा आदेश तर आपल्या सहीने निघू शकतो. एप्रिलमध्ये इथे पारा 42-43 ला टेकतो, पत्र्याखाली दुपारच्या बॅचला कुणी उभं राहू शकत नाही, म्हणून सकाळची वेळ उघडली तरी चालेल.

आणि शेवटी कपड्यांचा विषय, जो बैठकीत कुणी काढत नाही म्हणून मी काढते. पाळीचे दिवस आणि तोकडा कॉस्च्यूम, या एका कारणावरून स्पर्धेच्या आदल्या रात्री माघार घेणाऱ्या मुली मी बघितल्यात. टोकियो ऑलिंपिकला जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत पाय झाकणारा युनिटार्ड घालून उतरल्या होत्या. आंतरराष्ट्रीय नियमात तो बसतो. आमच्याकडे मात्र दारातल्या टेबलावर बसलेली व्यक्ती "हे चालणार नाही" म्हणते, कारण तिच्याकडे लेखी काहीच नसतं. पुढच्या शालेय स्पर्धांचं परिपत्रक निघेल तेव्हा त्यात एक ओळ घाला: पूर्ण लांबीचा युनिटार्ड किंवा कॉस्च्यूमवर घट्ट शॉर्ट्स घातल्यास गुण कापू नयेत व प्रवेश नाकारू नये. परिपत्रक शाळेत आलं की आम्ही त्याची झेरॉक्स काढून बॅगेत ठेवू.

स्तरांची स्पर्धा आपण सोलापुरात घ्यायची ठरवलीत तर गाद्या उचलायला, गुणांचे कागद लिहायला, पोरांना पाणी द्यायला आम्ही पालक येऊ. हॉल आणि पंच तेवढे आपण द्यावेत.

आपली नम्र,
एका जिम्नॅस्टची आई,
सोलापूर